कोळशाचं पोट

जाळी रंगवून उरलेलं पाणी
तीन टाक्यांतून चौथ्या टाकीत उतरतं.
माझी नोकरी तिथून सुरू होते.
गेल्या वर्षापर्यंत तिथून खाडी सुरू व्हायची.

निळं. पोफळीच्या सावलीतसुद्धा निळं.
ओहोटीला चिखलाच्या ओठावर
एक बारीक रेघ राहायची,
पाटी नीट पुसली नाही की राहते तशी.
आई कमरेएवढ्या पाण्यात
पायाच्या बोटांनी तिसऱ्या हुडकायची,
आणि बाजारात गिऱ्हाईक टोपलीला नाक लावून म्हणायचं,
"या तरीवरच्या नकोत."
ती तशाच घरी आणायची. आम्ही खायचो.
काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी चव.

पालशेतकर बाई आल्या त्या गोण्या मागत.
कॉलेजात रसायन शिकवतात,
स्कूटरच्या पायाशी नेहमी काहीतरी बांधलेलं.
कॅनिंगच्या मागून कोयी,
भातगिरणीतून तूस,
शमशाद होडेकरच्या शेडमधून कोलंबीची टरफलं.
शमशाद म्हणाली, "घाण नेतेस?
मग पैसे कोणी कोणाला द्यायचे?"
दोघी हसल्या, आणि मग खरंच ठरवलं:
गोणीमागे एक चहा.

आईने परड्यातला शिंपल्यांचा ढीग दाखवला.
"तळाला माझ्या सासूच्या हातच्या असतील."
तीन पिढ्यांचं जेवण
आम्ही टोपल्यांनी भट्टीत ओतलं.
तुसावर भट्टी रात्रभर जळली.
सकाळी चुना, बोटाला चावणारा.

कोय मात्र हट्टी.
उघड्यावर जाळली तर नुसती राख.
झाकण लावून, कडा मातीने लिंपून,
हवेवाचून धुमसू द्यावी लागते.
चार पिंपं फुकट गेली, एकदा माझ्या भुवया गेल्या,
मग एका मंगळवारी कोळसा निघाला.
नखाने टिचकी मारली तर काचेसारखा वाजणारा
आणि आतून सगळा बिळंच बिळं.
बाई म्हणाल्या, या चिमटीतल्या भिंती उलगडल्या
तर तुमचं खळं झाकून उरतील.
मी खळ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नाही.
पण तेव्हापासून चिमूट सांडू दिली नाही.

टरफलांचे बाईंनी उकळून उकळून
पांढरे पापुद्रे केले होते.
ते टाकीत सोडले, वर चुन्याची निवळी,
आणि निळं पाणी दुधासारखं नासलं.
गाळ खाली बसला. वरचं कोळशातून सोडलं.

पहिल्या दिवशी काळं आलं.
मालक म्हणाले, "वा! निळ्याचं काळं केलंत."
कोळसा आधी धुवायचा असतो,
हे कोणाच्याच लक्षात नव्हतं.
नवव्या दिवशी ग्लासातून पलीकडचं
कॅलेंडर वाचता आलं. तारीख नाही,
वार तेवढा.

एक्केचाळीसाव्या दिवशी नळाला पुन्हा निळी छटा.
मला वाटलं, माझंच काही चुकलं.
बाईंनी कोळसा मुठीत घेतला,
जेवून झोपलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.
"पोट भरलं त्याचं."
मग?
"मग काय. विष संपत नाही रे,
ते फक्त आता खाडीत नाही, याच्यात आहे."
काही भाजून पुन्हा वापरतो. प्रत्येक वेळी कमी खातो.
उरलेल्या सतरा गोण्या शेडच्या कोपऱ्यात,
फळ्यांवर, वर ताडपत्री, गोणीवर तारीख.
कचऱ्याने पुसलेल्या कचऱ्याचा कचरा.
त्याचं काय करायचं, ते बाई अजून शोधतायत.
वारा सुटला की मी रात्री बॅटरी घेऊन
गाठी चाचपून येतो.

गेल्या आठवड्यात आईने
तरीवरच्या पाटीभर तिसऱ्या आणल्या.
विकायला नेल्या नाहीत.
रात्रभर पाण्यात ठेवल्या, वाळू ओकायला.
सकाळी ते पाणी ओंजळीत घेऊन
बराच वेळ हुंगत राहिली.
काही बोलली नाही. चुलीवर टोप चढवला.

जेवताना शिंपल्या तिने ढिगावर टाकल्या नाहीत,
वेगळ्या टोपलीत जमवल्या.
आणि शेवटचा घास तोंडात असताना विचारलं,
"गोण्यांची ताडपत्री नीट बांधलीस ना?"