पुढचा शब्द

बेळगावच्या कचेरीतून कागद आला, कानडीत.
घरात कानडी येणारी मी एकटी,
सातवीतली, तीही अडखळत.
बा रताळ्यांची पोती शिवत होता,
दाभण अर्ध्यात थांबलं.

चौघांना स्ट्रेचरवरून खाली आणलं, मी वाचलं.
पाचव्यासाठी परत वर गेला.
पुढचा शब्द कानडीत आणि आपल्यात एकच.
म्हणून म्हटलं, जोडाक्षर आहे, लागत नाही.
"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

सुट्टीला आला की भरमूदादा आणि निंगाप्पा
मला घोंगड्यात घालून बांधावरून पळायचे.
मी हसले की दादा ओरडायचा,
जखमी माणूस हसतो होय गं?

रात्री आईनं तेच घोंगडं उलगडलं,
दोन टोकं धरून उभी राहिली.
दुसरी दोन बानं धरली.
"हळू," म्हणाला.