सावलीची जमा

खड्ड्याचे पैसे रोजगार हमीचे.
रोपाचे सामाजिक वनीकरणाचे.
कुंपणाचे, सिमेंट कंपनी देऊ म्हणते.
पाण्याचे कुणाचेच नाहीत.

वहीत मी हे असंच लिहिलं
तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, ताई, शेवटची ओळ खोडा,
ऑडिटला बरी दिसत नाही.
नाही खोडली.

मागच्या साली खड्डे मार्चात झाले,
रोपं आली पोळ्यानंतर, खड्डे तोवर गाळानं भरलेले,
कुंपण आलं दिवाळी उलटून.
मधल्या दिवसांत बकऱ्यांनी
कोणत्याही खात्याची मंजुरी न घेता
सगळी योजना खाऊन टाकली.
कागदावर सहाशे झाडं अजून उभी आहेत
आणि त्यांच्या बुडाशी माझी सही.

म्हणून यंदा सगळ्या साहेबांना एकाच दिवशी बोलावलं,
शाळेच्या व्हरांड्यात, सतरंजीवर.
तिघं आले, तीन नकाशे घेऊन.
एकात नाला उत्तरेला, एकात नालाच नाही,
पण रस्त्याकडेची रांग तिन्हींत हमखास:
गाडी जिथून जाते तिथूनच फोटो निघतो.
कोलामांचं पोड एका नकाशात होतं, पेन्सिलीनं.
पारध्यांचा बेडा कुठंच नाही.

लेतू टेकामला विचारलं, कोणतं झाड पाहिजे?
तो म्हणाला, मोह.
मोह यादीत नाही, यादीत गुलमोहर आहे.
लेतूनं यादी हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली.
‘गुलमोहर खाता येते काय जी?’

झुंबरी पवार खांबाला टेकून उभी होती,
सतरंजीवर बस म्हटलं तरी बसली नाही.
जागा नावावर नसेल तर शासनाचा खड्डा होत नाही,
असं साहेबांनी तिला नीट समजावलं, दोनदा.
‘खड्डा आमी खंदतो,’ ती म्हणाली,
‘पन नाव येवस्तोर लेकरायनं उनातच बसाचं काय?’
त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता.
कुणीतरी पंखा वाढवायला सांगितलं. वीज नव्हती.

मग मी खडूनं फरशीवर बारा घरं काढली,
चैत्रापासून नाही, एप्रिलपासून, त्यांना कळावं म्हणून,
आणि एकच विचारलं:
तुमचा पैसा कोणत्या महिन्यात येतो?
एक म्हणाले मार्च. दुसरे म्हणाले मार्च.
कंपनीच्या पोरानं फोन लावून विचारलं. मार्च.
मार्चात आमच्याकडे फक्त पळस फुलतो,
तोही स्वखर्चानं.

तेंदूपत्त्याचे चौऱ्यांशी हजार होते ग्रामसभेचे.
ते आधी घालायचे, तुमचे आले की भरून घ्यायचे,
एवढं ठरायला सूर्य कलला.
त्याहून जास्त वेळ लागला कुठून सुरू करायचं त्याला.
उपसरपंच म्हणाले, देवळासमोरून.
मारुबाई आत्राम म्हणाली, देवाले मंडप हाय.
बाया हसल्या, आणि हसता हसताच हात वर गेले:
पहिले बेडा, मग पोड, रस्ता उरलं तर.
आणि पाणी वाहणाऱ्या बाईला रोजी,
तिनं ते पुण्य म्हणून वाहायचं नाही.

ठराव सात. वीस जणींचे अंगठे, अकरा सह्या.
उपसरपंचांनी नंतर केली, लहान अक्षरात.

आज वहीत असं आहे:
रोजगार हमी, अर्धे आले.
वनीकरण, रोपं आली, मोह नव्हता,
तो लेतूनं जंगलातून बी आणून पिशवीत लावला,
त्याची पावती नाही.
सिमेंट कंपनी, येणे.
बेड्यावर साठातली एकेचाळीस जगली,
दोन झुंबरीच्याच शेळीनं खाल्ली,
तिनं दंड आणून दिला, चिल्लर, मोजून.

निंबाची सावली अजून सुपाएवढी आहे.
काल दुपारी त्या सुपात
एक कोंबडी पाय मुडपून बसली होती.
मी ती जमेत धरली.