उनाउम्वा वापी?

जांबोटीत सोसायटीचं जुनं गोदाम आहे,
तिथं आमचा वर्ग भरतो. सहाजण.
युरियाचा वास अजून भिंतींतून जात नाही,
वर मी फिनेल शिंपडते,
आणि दोन्ही मिळून तिसराच काहीतरी वास होतो.

पहिल्याच दिवशी मी मेन स्विच पाडला.
म्हटलं, किगोमाच्या पुढं दोन तास गेलात की असं.
आता शीर शोधा, सलाईन लावा.
बसगौडा अंधारातच हसला:
"बाई, हे आमच्यात रोजचंच की,
ह्याला शिकवणी कशाला लावतासा?"

खानापूरला सातेरी कुंभाराकडून
मातीचं कटीर करून घेतलं होतं.
त्यानं चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं.
"ह्याला बूड कुठाय?"
नाही म्हटलं. ह्यातनं माणूस बाहेर येतं.
तो जरा गप्प झाला.
मग चाकावर हे येणार नाही, हातानंच करावं लागेल, म्हणून
ऐंशी रुपये जास्त लावले.

बाळ मात्र घरचं. जुन्या लुगड्याचं,
पोटात अडीच किलो तांदूळ.
मल्लम्मा त्याच्या चिंधीच्या तोंडावर मास्क धरते,
फुगा दाबते, सोडते, दाबते,
आणि कुणी न सांगता त्याच्या पायांवर पदर घालते.
एका रात्रीत उंदरांनी कुरतडून
बाळाचं वजन अठराशे ग्रॅमवर आणलं.
बरं झालं म्हटलं,
आज कमी दिवसांचं बाळ शिकू.

दुपारी स्वाहिली.
उनाउम्वा वापी? तुम्हाला कुठं दुखतं?
वापी म्हणजे कुठं.
मला दर वेळी पायऱ्यांची विहीर दिसते,
दुखणं खाली, आणि आपण
काठावर वाकून विचारणारे.

एक गोष्ट मी त्यांना तिसऱ्या आठवड्यात सांगितली.
स्वाहिली घोकून गेले होते मी,
आणि पहिल्याच रात्री आलेली नेएमा
फक्त किहा बोलणारी.
तिनं तीनदा सांगितलं.
मी तीनदा मान हलवली.
समजलं म्हणून नाही. लाजून.
पहाटेपर्यंत काय झालं ते केसपेपरवर आहे,
मान हलवल्याची नोंद
कुठल्याच रकान्यात नाही.

काल कणकुंबीच्या वर, गवळ्यांच्या चार घरांकडं गेलो.
जीप ओढ्याशी ठेवली, पेटी डोक्यावर.
ठकूबाई बोडके म्हशीच्या दावणीशी बसलेल्या,
एक हात बरगडीखाली दाबून.
सुवार्ता पुढं झाली.
घरात कन्नड, शाळेत मराठी,
वर माझे दोन महिने. पोरगी गडबडली
आणि तोंडातून आलं: "उनाउम्वा वापी?"

मागं इर्शाद फिस्सकन हसला.
ठकूबाईंनी तिच्याकडं बघितलं,
मग हात उचलून नीट ठेवला.
"हितं. आन् वाकलं की हितं.
रातीचं मातर कुठं कुठं, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही" ला सुवार्तानं मान हलवली नाही.
परत विचारलं. मराठीत, मग कन्नडात,
मग नुसत्या बोटांनी, एकेक बरगडी मोजत.
म्हशीनं दोनदा शेपटी मारली तिला.
ती उठली नाही.

गोळ्यांची पुडी कनवटीला लावताना ठकूबाई म्हणाल्या,
"कुठं जाऊलालायसा गे पोरींनो, एवढं शिकून?"
आफ्रिकेला, मल्लम्मा म्हणाली.
"तिकडं दवाखाना नाही होय?"
लांब आहे, मावशी. दिवसभर चालावं लागतं.
"असं."
त्यांनी ओढ्याकडं बघितलं,
जिथवर आमची जीप आली होती तिथवर.
"मग हिकडं परत कधी येतासा?"

सहाजण माझ्याकडं बघत होते.
माझी मान सवयीनं
हलायला लागलीच होती.
मी ती धरली.