मिश्र माध्यम, १८० बाय २४०

हा काळा रंग विकत आणलेला नाही.
आधीच सांगते, कारण तिबिलिसीहून आलेल्या बाईंनी
मघाशी ट्यूबचं नाव विचारलं.
हे मँगनीज. आमच्या चिआतुरात
खिडकीच्या चौकटीवर रोज सकाळी फुकट मिळतं.
बोटानं पुसायचं, डब्यात झटकायचं,
जवसाच्या तेलात खलायचं.
डबा भरायला सात महिने लागले.
आईला वाटलं, पोरीला घर झाडायची गोडी लागली.

खाली आहे ती आमची चादर.
पांढरी होती. शेजारच्या लामाराकाकू म्हणतात
अजून पांढरीच आहे, आपल्या गावाच्या मानानं.
एक वर्ष ती गॅलरीतल्या दोरीवर होती, काढलीच नाही.
हिवाळा, धूळ, एका कावळ्याचं मत,
सगळं जसंच्या तसं.
चित्रकलेत याला काय म्हणतात ठाऊक नाही,
घरी आळस म्हणतात.

या तारा रोपवेच्या.
दरीच्या या कड्यावरून त्या कड्यावर
पत्र्याचे पाळणे जायचे,
खाली क्विरिला, दौत कलंडल्यासारखी.
आईनं वरच्या ठाण्यावर बावीस वर्षं दांडा ओढला.
जीव टांगणीला लागणं
हा आमच्याकडे वाक्प्रचार नव्हता,
त्याचं वेळापत्रक होतं, सकाळी सहा ते रात्री अकरा.
जुन्या तारेचे पदर सोडवताना
आतलं ग्रीस अजून ओलं निघालं.
आईच्या कुशीत शिरलं की यायचा तोच वास.
वास माध्यमात धरायचा का,
असं मी अर्जात विचारलं होतं.
उत्तर आलं नाही.

आता ही रेघ.
डावीकडून निघते, मध्येच अडखळते,
परत धीर करून पुढं सरकते.
भूकंप आहे का, नाडी आहे का, सगळे विचारतात.
ही बाबांची.
खाणीत एकतीस वर्षं. आता पेला
दोन्ही हातांनी धरतात, तरी बशी बोलत राहते.
मी त्यांना खिळा दिला, म्हटलं, सरळ रेघ ओढा.
त्यांनी सरळच ओढली.
मी शेजारी उभी होते, त्यांचे डोळे बघत होते,
सरळच ओढली.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अशीही असते,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि हा वरचा कोपरा.
इथं मी चादर फाडली होती,
मुद्दाम, तळहाताएवढी.
त्या भोकाचा फार विचार केला होता मी.
गाव सोडून गेलेल्यांची जागा,
कड्यांच्या फटीतून दिसतं तेवढं आभाळ,
चार पानं लिहिली होती, आत्ता वाचणार होते.

काल रात्री आईनं ते रफू केलं.
निळ्या दोऱ्यानं, कारण पांढरा संपला होता.
म्हणाली, नुत्सा, उद्या माणसं येणार बघायला,
फाटकं काय लावतेस भिंतीवर?

मी ओरडले. फार ओरडले.
मग कातरी घेऊन पहाटेपर्यंत
त्या टाक्यांसमोर बसले.
आडवा, उभा, आडवा, उभा,
एक पदर दुसऱ्याच्या पोटातून घेतलेला,
तुटली तार जोडतात तसा.
शिवणाच्या वर्गाला ती कधी गेलीच नव्हती.
कातरी अजून खिशात आहे. ही बघा.

तर ती चार पानं बाद.
खालच्या पट्टीवर एकच नाव आहे, तेही चूक.
तीन नावांची नवी पट्टी छापायला दिली होती,
पण प्रिंटरमधली काळी शाई संपली.
या गावात.

ते बाबा, मागच्या रांगेत, खिशात हात घालून बसलेत ते.
आई आली नाही, भाकऱ्या भट्टीत आहेत म्हणाली.

हात लावू नये असं लिहिलंय, ते सोडा.
लावा.
बोट काळं होईल.
जिन्याखाली नळ आहे,
पण चारनंतर त्याला पाणी नसतं.