आइमोची वही

गाडीच्या कप्प्यात सापडली.
तारीख, किलोमीटर, लिटर. बाकी अक्षर नाही.
चाळीस वर्षं, पेट्रोल भरलं की पेन्सिल बाहेर.

माझ्याशी भांडून कामावर गेलास
ते आठवडे अजून ओळखू येतात:
लिटरला नऊ.
तोंडातून शब्द नाही, सगळा राग पायात.

तुझा भाऊ गेला त्या जानेवारीत सात.
थंडीमुळे, म्हणालास.
थंडी होतीच.

आणि एकाच पानावर सतरा.
ओउलूच्या इस्पितळातून कायानीपर्यंत,
मागच्या सीटवर मी,
मांडीवर तीन दिवसांची इंकेरी.
लाकडांचे ट्रक मागून हॉर्न देत होते.
तू ब्रेकला शिवलासुद्धा नाहीस,
वळण दिसलं की लांबूनच पाय उचलायचास,
जसा काही रस्ताच झोपलाय.

आज मी भरलं. बारा.
पेन्सिलीला टोक नव्हतं.