मंगळवारची शाई

चिलोए बेटावरच्या दफ्तरखान्यात
एल्सिराबाई दोन कागद मांडतात मुलांपुढे.
वर्तमानपत्र म्हणतं, दिवा विझलेला, म्हणून जहाज फुटलं.
दीपगृहाची वही म्हणते:
मंगळवार, दिवा चालू. बुधवार, चालू. गुरुवार, चालू.

"वहीच खरी! हातानं लिहिलीय!"
बाईंचंही तेच मत,
एकतीस वर्षांचं.

इग्नासिया लिंकोमान, पुढचे दोन दात पडलेली,
पानाला नाक टेकवून म्हणते,
"मंगळवार ओला असतानाच गुरुवार लिहिलाय.
हे बघा, बाही फिरलीय त्याची."

बाई चष्मा काढतात.
पुसतात. पुन्हा पुसतात.

"मग खरं काय?"
"माहीत नाही गं,"
आणि शिडी ओढतात वरच्या खोक्यांकडे.

खिडकीबाहेर ओहोटी.
खांबांवरच्या रंगीत घरांचे
शेवाळलेले पाय
उघडे पडत चाललेत.