धुळीची रेघ

आधी वाटलं, आयपीसवर केस आहे.
रुमाल काढला.
आग्नेल म्हणाला, पुसू नको, फिरवून पळय.
आयपीस फिरवला.
रेघ फिरली नाही.

म्हणजे ती तिथलीच होती,
अरुंधती केशात,
चार-पाच कोटी वर्षं जुन्या उजेडावर
आडवी पडलेली.
आपल्याकडे कड करून उभी दीर्घिका:
बंद दाराखालच्या फटीतून
आतला दिवा दिसावा तेवढीच,
आणि फटीतच कुणी काळी सुतळी ओढलेली.
धूळ, म्हणाला आग्नेल. सगळी धूळ.

रिवणच्या सड्यावर मला धूळ शिकवतो हा माणूस!
एकोणीस वर्षं मी खाणीच्या काट्यावर होतो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
वजाबाकी.
काजूच्या पानांवर धूळ, पेजेच्या वाटीत धूळ,
देवाला वाहिलेल्या अबोलीवर,
वाळत घातलेल्या दुपट्याच्या टाक्याटाक्यांत.
तेव्हा मान वर केली की
ट्रकांच्या दिव्यांत तरंगणारा तांबडा पडदा.
त्यापलीकडे काही असेल
असं पावतीवर कुठंच लिहिलेलं नसायचं.

आग्नेल तेव्हा त्याच ट्रकांखाली उताणा,
छातीवर पाना, कानात ग्रीस.
खाण बंद पडली तेव्हा त्यानं काच घासायला घेतली.
चौदा महिने. दहा इंच.
घासता घासता काचेचीही भुकटी झाली,
ती डब्यात भरून ठेवली आहे.
का, ते सांगत नाही.

आता बाजूला बघ, म्हणतो,
तिची धाकटी आहे.
बघतो. नाही.
सरळ नको रे बघू, लाजते ती.
मग मी मोठीवरच नजर ठेवतो
आणि डोळ्याच्या कोपऱ्यात
काचेवर श्वास उमटावा तसं काही,
मोठीच्या कडेवरून नुकतंच उतरलेलं.
वळलो, की नसतं.

अंधारात आग्नेलही तसाच.
उजवीकडे, हातभर अंतरावर,
खोकला की कळतो.
तो खोकला कुठला, मला ठाऊक आहे.
पावत्या मीच फाडल्या होत्या.

पृथ्वी सरकते. दोघी काठाकडे निघतात.
ढकल, म्हणतो, बोटानं. जोर नको.
खाली कुळागरात कुणाचा तरी पंप सुरू होतो.
दवानं भिजलेली नळी मी ढकलतो,
सवयीनं वजन करतो, आणि आकडा
कुठंच लिहीत नाही.
मोठी परत मधोमध येते,
धुळीसकट.
धाकटीही आली असेल.
मी तिकडे बघत नाही.